गाण्याखालची नावे

बंगळुरूच्या जांभळ्या मार्गावरची मेट्रो मार्च २०२३ मध्ये महादेवपुऱ्यातून व्हाइटफील्डपर्यंत धावू लागली. सिंगय्यनपाळ्य, गरुडाचारपाळ्य, हूडी या स्थानकांवर संध्याकाळी चढणाऱ्या गर्दीत ज्याच्या कानात काही नाही असा माणूस शोधावा लागतो. कोणी इळैयाराजा ऐकत असतो, कोणी रेहमान, आणि पुण्या-बेळगावाकडून नोकरीसाठी आलेला कोणी भीमसेन जोशींचा अभंग. भीमसेन गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. तेव्हा इथल्या मराठी कानाला हे गाणे परमुलखातले वाटायचे कारणच नाही. बहुधा ते सकाळीच एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडलेले असते. मैफल कोणती, साल कोणते, साथीला कोण, कोणाच्या कॅसेटवरून उतरवले, यातले काहीही त्याच्याबरोबर येत नाही. वर ‘फॉरवर्डेड’ एवढी पाटी तेवढी असते. २०१८ पासून ती ॲपच लावते.

एके काळी गाण्याखाली नावे असत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्य भारतीयांसाठी खुले केले. त्याआधी ते शिक्षणसंस्था, संशोधनसंस्था अशा मोजक्या ठिकाणीच पोहोचले होते. त्यामुळे भारतीय संगीताची जालावरची पहिली चावडी भरली ती मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकायला गेलेल्या मुलांची. युजनेट या तेव्हाच्या चर्चा-जाळ्यावर त्यांचे दोन गट होते. शास्त्रीय संगीताचा तो आरएमआयसी. उरलेल्या सगळ्याचा, म्हणजे बहुतांशी हिंदी चित्रपटगीतांचा, तो आरएमआयएम. पाश्चात्त्य रसिकांनी ही वाट आधीच पाडली होती. केट बुशच्या चाहत्यांची ‘लव्ह-हाउंड्स’ ही ई-मेलची टपालयादी १९८५ सालची. पण घरापासून हजारो मैल लांब, हाताशी चार कॅसेटी, रेडिओ नाही, अशा अवस्थेत गाणे आठवत बसणाऱ्या मुलांची तहान निराळी होती. त्यांना गाणे आधी शब्दांतून परत मिळवायचे होते.

आणि पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने त्यावर तोड काढली. रोमन अक्षरे ठरावीक नियमाने टंकायची आणि छापताना त्यांची देवनागरी व्हायची. त्या आधारावर रसिकांनी गीतांचा एक प्रचंड संग्रह उभा केला. त्यातल्या गाण्याच्या फायलीत चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार यांच्या रकान्यांखाली आणखी काही ओळी असत: गाणे कोणी दिले, रोमनमध्ये कोणी उतरवले, कोणी तपासले, श्रेय आणखी कोणाला. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत न मावलेले आणि फक्त चित्रपटात ऐकू येणारे एखादे कडवे कोणी शोधून आणले, तर त्याची दाद त्याच्या नावावर जमा होई. इतका नेकीचा हिशेब आपल्या संगीतात फार थोड्या ठिकाणी ठेवला गेला आहे.

शास्त्रीय गटातले वाद कडाक्याचे असत. मूळचे गोव्याचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले राजन पर्रीकर तिथे ठामपणे लिहीत. पुढे रागांवरचे त्यांचे दीर्घ लेख ध्वनिखंडांसह जालावर आले. अलाहाबादचे पंडित रामाश्रय झा ‘रामरंग’ यांच्याकडून दूरध्वनीवर रागाची उकल करून घ्यायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि लेखात जोडायची, हा त्यांचा परिपाठ. त्या खरखरत्या आवाजात रागाचे चलन गाऊन दाखवणारे झासाहेब ऐकले की गुरुमुखी विद्या तारेवरूनही पोहोचते याची खात्री पटते.

नव्वदीचे दशक सरताना गर्दी टपालयाद्यांकडे वळली. ए. आर. रेहमानच्या चाहत्यांची याहूवरची यादी १९९९ सालची. माध्यम-अभ्यासक अश्विन पुनाथंबेकर यांनी तिच्यावर लिहिले आहे. पोस्टरला दुधाचा अभिषेक करणाऱ्या चाहत्यांहून आपण वेगळे, असे हे सभासद मानत. त्यात भरणा संगणकवाल्यांचा, आणि बंगळुरूत तर त्यांची वाण नव्हतीच. मग २००४ मध्ये ऑर्कुट आले, त्यामागून फेसबुक. मांडव भव्य होत गेला, फक्त जमीन भाड्याची होती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. याहूने २०१९ च्या अखेरीस गटांवरचा मजकूर काढायचे ठरवले आणि १५ डिसेंबर २०२० ला गटच मिटवले. वीस-वीस वर्षांचा पत्रव्यवहार ज्यांनी वेळेत उतरवून घेतला त्यांच्याकडे राहिला, बाकीच्यांचा गेला. गूगलने २००१ मध्ये डेजा कंपनीकडून युजनेटचा जुना साठा घेतला होता, म्हणून नव्वदीतले ते वाद अजून वाचता तरी येतात.

या पडझडीत टिकले ते कोणीतरी स्वतः होऊन ओझे उचलले म्हणून. अलका विभास यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘आठवणीतली गाणी’त आजही शब्दांबरोबर कवी, संगीतकार, गायक, राग आणि अवघड शब्दांचे अर्थ सापडतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने, त्यातही सुरेश चांदवणकर यांनी, तबकड्यांच्या तपशिलांसाठी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. तबकडीवाल्यांना नावाची किंमत पहिल्यापासून ठाऊक. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा शेवटी तिने आपले नाव उच्चारले. तबकड्या छापल्या जाणार जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळायला हवे होते.

तरीही जुन्या याद्यांसाठी नुसते हळहळणे अन्यायाचे होईल. त्या इंग्रजी येणाऱ्यांच्या, संगणक हाताशी असणाऱ्यांच्या आणि बहुतेक पुरुषांच्या होत्या. पुण्यातली आजी त्यांत कधीच नव्हती. आज ती आहे. मुलगा-सून महादेवपुऱ्यातल्या एखाद्या टेक-पार्कात, आपण पुण्याला, मधे व्हॉट्सॲप. टंकायचा कंटाळा आला तर बटण दाबून ती बोलते. त्या आवाजी निरोपात लहानपणी गणपतीच्या मांडवात ऐकलेले नाट्यपद असते, कुठल्याच पुस्तकात नसलेल्या पाठासह. शेजारच्या मास्तरांनी ते कसे म्हटले होते तेही असते. आरएमआयएमवाल्यांनी अशा एका कडव्यासाठी जिवाचे रान केले असते.

ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ सभासदांची झाली, २०२२ मध्ये १०२४ ची. आजीचे पद एवढ्यांपर्यंत क्षणात जाते, बदामांच्या रांगा लागतात. दुसऱ्या दिवशी ते आणखी चार ग्रुपांत पोहोचते, तेव्हा तिचे नाव गळालेले असते, मास्तरांचे तर आधीच. फोन भरला की आधी अशाच ध्वनिफिती पुसल्या जातात. एखाद्या नातवाने ती फीत वेगळी ठेवून खाली चार ओळी लिहिल्या, गाणारी कोण, गाव कोणते, ऐकले कोणाकडून, साल अंदाजे कोणते, तर दहा मिनिटांचे काम आहे. ते आजी हयात आहे तोवरच होण्यासारखे आहे.