आमटीला न पुरणारं आंबट

“पातळ पदार्थ कोरडा कसा असेल रे?” माझ्या मावशीने विचारलं होतं. नाशिकजवळ वाइन करणाऱ्या भाच्याकडून तिला सरळ उत्तर हवं होतं. द्राक्षरसातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी खाल्ली, की उरते ती ‘ड्राय’ वाइन, एवढं मी सांगितलं. पुढचं सांगायचं राहिलं. गोडीचं पांघरूण गेलं, की आंबटपणा उघडा पडतो, आणि पांढऱ्या वाइनचा खरा कस तिथे लागतो.

हे मला नीट कळलं जर्मनीत, मोझेल नदीच्या काठी. एका हंगामात खुडणीसाठी मी बेर्नकास्टेलजवळच्या एका बागेत राबलो. आपलं नाशिक 20 अंश अक्षांशावर, हे गाव जवळपास 50वर. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं, ते उतारामुळे आणि दगडामुळे. शाळेतली पाटी ज्या दगडाची असायची, तोच हा दगड, चिपा-चिपांनी सगळ्या उतारावर पसरलेला. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना परत देतो. खाली नदीचं पाणी ऊन परतवतं. मांडव नाहीच, प्रत्येक वेलीला स्वतःचा खुंट, आणि दोन काड्या पत्त्यातल्या बदामासारख्या वाकवून त्याला बांधलेल्या. ब्रेम गावचा काल्मोंट उतार तर काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत चढतो. माझी बाग तेवढी उभी नव्हती, तरी पहिल्या दिवशी द्राक्षं कमी खुडली आणि घसरलो जास्त.

वेल रीसलिंगची. ट्रीअरच्या धर्माधिपती राजाने 1787 साली हलक्या वेली उपटून चांगल्या लावायचा हुकूम काढला, तेव्हापासून तिचं इथलं बस्तान पक्कं झालं.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक हे चिंचेचं, मॅलिक हे हिरव्या सफरचंदाचं. उन्हाळ्यात मणी श्वसनासाठी मॅलिक जाळतो, थंड रात्री ते वाचतं. नाशिकला ऑक्टोबरात छाटणी करून जानेवारी ते मार्च आम्ही खुडतो. पिकता पिकता दिवस तापत जातात, साखर चढते आणि आंबट ढासळतं. मग आम्ही टार्टारिकची पूड तोलून रसात घालतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण वरून घातलेलं आंबट बऱ्याचदा जिभेच्या टोकावर वेगळं उभं राहतं. मोझेलचं आंबट वाइनच्या अंगात मुरलेलं असतं.

अर्थात त्यांचं दुखणं उलटं. गार वर्षी आंबट इतकं, की दात शिवशिवावेत. फार पूर्वी ते नरम करायचं काम हजार लिटरच्या लाकडी पिंपात काळच करायचा. थंड तळघरात यीस्ट अर्ध्यावर झोपी जाई आणि थोडी साखर उरे, तीही मदतीला येई. पुढे बारीक गाळण्या आल्या, तशी हवी तेवढी गोडी राखणं सोपं झालं आणि मोझेल म्हणजे गोडसर असं जगाने ठरवून टाकलं. ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी, हा शब्द लेबलावर लावायचा नियम मला म्हणूनच आवडतो. लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालतेच; 9 ग्रॅमपर्यंतही चालते, पण आम्ल साखरेपेक्षा 2 ग्रॅमहून जास्त कमी असता कामा नये. कोरडेपणा हा साखर आणि आंबटाच्या हिशोबाचा मामला आहे, हे तिथल्या कायद्याला कळतं.

आता हवामान तापलंय. पूर्वी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबणारी खुडणी बऱ्याच वर्षी सप्टेंबरातच सुरू होते. द्राक्षं पुरती पिकतात, म्हणून साखरेचा आधार न घेता कोरडी रीसलिंग उभी राहते. मी राबलो त्या बागेच्या मालकीणबाईंना याचा आनंदही होता आणि धास्तीही. आज वाइन सुरेख होतेय. याच वाटेने तापत गेलं, तर त्यांच्या नातवालाही पूड तोलावी लागेल. आमच्याकडे ती कशी तोलतात, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं.

निघताना त्यांनी रिकाम्या टाकीत बॅटरीचा उजेड पाडला. आतून भिंतींना चकचकीत खडे चिकटले होते. थंडीत टार्टारिकचं पोटॅशियमशी जमतं आणि ते असे बसतात. बाटलीत दिसले, की आमचं गिऱ्हाईक काच समजून भांडायला येतं. मी खरवडून पुडी बांधली आणि मावशीला आणून दिली.

तिने बोटाने चाटून पाहिलं. “चिंचच आहे,” म्हणाली, “पण आमटीला पुरायची नाही.”