आईच्या ओव्या आणि नवी विंडोज

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला कंपनीचा आधार संपला, तेव्हा कुठे आमच्या घरी विंडोज ११ असलेला संगणक आला. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मधोमध सरकलेलं. हात आठवडाभर चुकत राहिला. ते चालायचंच. पण २००४ साली मी टाइप केलेल्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची फाईल उघडली आणि छातीत धस्स झालं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम! आईला जाऊन नऊ वर्षं झाली. वही तर त्याआधीच वाळवीने खाल्ली.

"बाबा, ओव्या आहेत तिथेच आहेत. फॉन्ट नाहीये," कन्या म्हणाली. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत; फॉन्ट गेला की आकारही गेले. (वर्गात शिकवणारा मी, घरी विद्यार्थी!) कपाटातल्या जुन्या सीडीवर तो मिळाला, आणि पहिली ओवी उमटली.

आता कन्या सगळं युनिकोडमध्ये उतरवतेय. तिथे देवनागरीला १२८ जागा, कन्नडलाही १२८. विंडोजच्या निर्मला फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या. मग सौ.चा हट्ट, तिच्या अव्वाची 'बीसुव कल्लिन पदं'ही त्याच फायलीत हवीत. सासूबाई धारवाडहून फोनवर सांगतात, नात टाइप करते.

एका ओवीत 'माहेर' की 'माहेरी', मला लागेना. टाइप करताना माझीच वेलांटी राहिली असावी. सासूबाई म्हणाल्या, "हाडि नोड्री." गाऊन पाहिली. 'माहेरी'च बसतं.