बोका, भाटी आणि वंशावळ

मांजर आपल्या घरांना नवं नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) हे ज्या नावानं ओळखले जातात, ते नावच मांजरावरून पडलेलं. मांजरानं तोंड लावलेलं पाणी नापाक होत नाही, ते तुमच्यातच वावरणारं आहे, हा हदीसचा आशयही आपण लहानपणापासून ऐकतो. पण वंशावळ बघून मांजरांची जोडी लावायची, पिल्लं वाढवायची आणि पैसे घेऊन द्यायची म्हटलं, की निरगुडसरमध्ये पहिला प्रश्न येतो, "मांजराचे कुणी पैसे देतं का?"

खरं तर वंशावळ म्हणजे काय, हे आंबेगाव-जुन्नरला शिकवावं लागत नाही. शर्यतीच्या खोंडाचा बाप कोण आणि आज्जा कोण, हे पारावरची पोरंसुद्धा सांगतात. मांजराचंही तेच आहे.

आमच्या दोघांपैकी एक शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, एक घर आणि शिलाई सांभाळते. सुरुवात एका पर्शियन भाटीपासून झाली. नाव ठेवलं नूरी. बाजारात लांब केसांचं कुठलंही मांजर 'पर्शियन' म्हणून विकलं जातं. 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' असे चेहऱ्यावरून भाव ठरतात. नूरीबरोबर मात्र चार पिढ्यांचा कागद होता. तो वाचता वाचता आम्हाला गोडी लागली. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानं १६२० साली इराणमधून लिहिलेल्या पत्रात खुरासानच्या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलंय. हाच माणूस १६२३ मध्ये सुरतेला उतरून आपल्या कोकणातल्या चौलवरून गोव्याला गेला. मांजरांची नोंद ठेवून पैदास करण्याची रीत पुढे इंग्लंडमध्ये रुजली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मोठं मांजर-प्रदर्शन भरलं, तेव्हापासून तिला जोर आला.

गावात हे करायचं तर अडचणी वेगळ्या. आमच्याकडे ऊस आहे, म्हणून बिबट्या आहे. कुत्री-शेळ्या उचलणाऱ्या बिबट्याला मांजर किती लागतं? त्यामुळे आमची मांजरं उंबरा ओलांडत नाहीत. खिडक्यांना जाळी, मागच्या खोलीला दुहेरी दार. उन्हाळ्यात वीज गेली की फरशीवर ओली पोती अंथरायची. केस रोज विंचरायचे, नाहीतर गाठी होऊन कातडी सोलते. गावाकडचे डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात मुरलेले. मांजराच्या तपासणीसाठी पुणं गाठावं लागतं.

नूरीसाठी बोका आणला, सुलतान. ३२,००० रुपये मोजले. मागच्या खोलीच्या गिलाव्यासाठी साठवलेले पैसे होते ते. जोडी लावण्याआधी दोघांची तपासणी करायची, हे आधीच ठरलेलं होतं. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. पिल्लू जन्मतः धडधाकट दिसतं, गाठी हळूहळू वाढतात आणि बहुतेकदा उतारवयाकडे झुकताना मूत्रपिंडं निकामी होतात. आई किंवा बाप, एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरे. सरासरी निम्म्या पिल्लांना ते मिळतं. ते जनुक २००४ साली सापडलं, तेव्हापासून गालाच्या आतून काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावर निदान होतं.

नूरीचा अहवाल चांगला आला. सुलतानचा सदोष.

घरात आठ दिवस कुणी नीट बोललं नाही. नातेवाईक म्हणाले, एक तरी वेत घ्या, पैसे वसूल होतील, पिल्लाच्या पोटात काय आहे ते कोण बघतंय? दोन पिल्लांना गिऱ्हाईकही ठरलं होतं. पण घेणाऱ्याच्या लेकरानं पाच-सात वर्षं ज्याला उराशी धरलं, ते मांजर झिजून मरताना त्याला बघावं लागलं असतं, आणि आम्हाला ते आधीपासून माहीत असतं. सुलतानची नसबंदी केली. तो आता अब्बांच्या खाटेवर झोपतो. गिलावा अजून राहिलाय.

दुसरा बोका अहवाल बघून आणि रक्तगट जुळवून निवडला. मांजरांत रक्तगट ए आणि बी असतात. बी गटाच्या भाटीला ए गटाचा बोका दिला, तर ए गटाची पिल्लं आईचा चीक पिऊन दोन-चार दिवसांत दगावू शकतात. नूरीचे दिवस भरले पासष्टाव्या दिवशी. चार पिल्लं झाली. रोज सकाळी सोनाराच्या काट्यावर वजन, वहीत नोंद. आठव्या आणि बाराव्या आठवड्याला लस. बारा आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडत नाही.

अब्बांनी तेव्हा विचारलं, "मांजराचा पैसा हलाल आहे का?" प्रश्न रास्त होता. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत मांजराची किंमत घेण्याची मनाई आली आहे. बहुसंख्य फुकहांनी ती सक्त हराम मानली नाही, विक्री जायज ठरवली. काहींनी मात्र मनाईच मानली. आमच्या मौलानांनी जायज असल्याचं सांगितलं, पण वर एक वाक्य जोडलं, "ऐब लपवलात तर मग मांजर काय, गहूसुद्धा हलाल राहणार नाही." अब्बांनी मान डोलावली.

म्हणून आमच्या पिल्लाबरोबर आई-बापाचे अहवाल जातात, लसीचं कार्ड जातं, आणि पाळण्यासाठी नेलेल्या पिल्लाची वेळेत नसबंदी करण्याचं वचन घेतलं जातं. नूरीला वर्षात एकच वेत. हिशोब मांडला तर औषधं, खाणं आणि पुण्याच्या खेपा जाऊन हाती थोडंच उरतं. यावर घर चालेल असं समजून कुणी यात पडू नये.

आणि ज्यांना नुसतं मांजर हवं, त्यांना आम्ही आधी गल्लीतली देशी पिल्लं दाखवतो. ती काटक असतात, उन्हाला सोसतात आणि त्यांना घराची गरज जास्त असते. त्यातूनही पर्शियनच हवं असेल, तर चेहरा बघण्याआधी विकणाऱ्याकडे आई-बापाचे अहवाल मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही गोजिरं असलं तरी उठून या.