कोंगुदेशांतील रोमन रुपें

सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे अखंड चालत गेली आहे असें आपण शाळेंत शिकतों. परंतु निलगिरीच्या दक्षिणेस ती एके ठिकाणीं अशी तुटली आहे कीं, बैलगाडीसहि तेथें घाट चढावा लागूं नये. हीच पालघाटची खिंड होय. तिच्या पश्चिमेस मलबारचा मिऱ्यांचा मुलूख, आणि पूर्वेस कोइमतूर, तिरुपूर, करूर हा उघडा, कोरडा, वाऱ्याचा प्रदेश. तमिळ लोक यास कोंगुनाडु म्हणतात. कोइमतूर म्हटलें कीं कापसाच्या गिरण्या व पाण्याचे पंप एवढेंच आपल्याकडील मनुष्यास आठवतें. उटीस जाणारा प्रवासी तेथें गाडी बदलतो आणि पुढें जातो. तथापि ज्यास जुन्या काळाची थोडी गोडी आहे त्यानें तेथें चार दिवस थांबावें. कारण रोमच्या टायबेरियस बादशहाचें रुपें, त्याच्या राजधानीपासून हजारों मैल दूर, या मातींत घागरींनीं निघालें आहे.

टायबेरियस हा ऑगस्टसचा दत्तक पुत्र. यानें इ. स. १४ पासून ३७ पर्यंत राज्य केलें; त्यांतील शेवटचीं दहा-अकरा वर्षें त्यानें काप्री बेटावर काढलीं. त्याचें चांदीचें नाणें म्हणजे दिनारियस. एका रोमन पौंडांत अशीं ८४ नाणीं पाडावयाचीं असा नियम होता. म्हणजे वजन आपल्या जुन्या तोळ्याच्या जवळजवळ बरोबर तिसरा हिस्सा, चार मासे. चांदी बहुतेक शुद्ध. पुढच्या बाजूस पुष्पमुकुट घातलेलें बादशहाचें मस्तक, आणि भोंवतीं ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस’ अशा अर्थाचीं लॅटिन अक्षरें. मागील बाजूस खुर्चीवर बसलेली एक स्त्री, एका हातांत राजदंड व दुसऱ्यांत डहाळी. ती बादशहाची माता लिव्हिया असावी असें पुष्कळांचें मत आहे. बाजूस ‘पाँटिफेक्स मॅक्सिमस’, म्हणजे मुख्य पुरोहित, या पदवीचीं संक्षिप्त अक्षरें. हें नाणें आजच्या फ्रान्समधील लियों, तेव्हांचें लुग्दुनम्, येथील टांकसाळींत पडत असे. ख्रिस्ताच्या चरित्रांत कराचें जें नाणें दाखविल्याची कथा आहे तें हेंच असावें, अशा समजुतीमुळें युरोप-अमेरिकेंतील संग्राहक त्यास अधिक किंमत देतात.

हें नाणें कोंगुदेशांत किती निघालें याची कल्पना थोड्या आंकड्यांवरून येईल. कोइमतुरास लागून नोय्यल नदीच्या कांठीं वेल्लालूर गांव आहे. तेथें १८४२ सालीं ५२२ रोमन रौप्यनाणीं सांपडलीं आणि त्यांतील बहुसंख्य टायबेरियसचीं होतीं. पुढें त्याच गांवीं आणखी ठेवे निघाले. १९४६ सालीं उदुमलपेटकडील बुदिनत्तम येथें सुमारें १४०० नाणीं एकत्र मिळालीं. या ठेव्यांत पुनःपुन्हां दोनच छाप दिसतात: एक ऑगस्टसचा, ज्यावर त्याचे दोन नातू ढाली घेऊन उभे आहेत, आणि दुसरा हा खुर्चीवरील स्त्रीचा.

मीं वेल्लालूर पाहिलें तेव्हां तें शहरांत जवळजवळ मिसळून गेलेलें होतें. नदीस पाणी थोडें. ठेवा कोठें निघाला तें दाखविणारी एखादी शिळा असेल अशा समजुतीनें कोणी जाईल तर त्यानें जाऊं नये. पण नदीचा कांठ धरून पूर्वेस गेलें म्हणजे गोष्ट उलगडूं लागते. नोय्यलच्या कांठीं कोडुमणल म्हणून गांव आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें १९८५ पासून तेथें उत्खनन केलें, आणि मणी घडविण्याचे कारखाने, अर्धवट घासलेले खडे व तमिळ-ब्राह्मी अक्षरें खोदलेलीं खापरें उजेडांत आणलीं. दक्षिणेस पडियूर येथें वैडूर्याच्या जातीच्या हिरव्या-निळ्या पाणीदार खड्यांची, म्हणजे बेरिलची, खाण होती. रोमच्या श्रीमंत स्त्रियांस या खड्यांचें फार वेड. पूर्वेस अमरावतीच्या कांठीं करूर, चेर राजांचें प्राचीन नगर. तेथें रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं आहेत. म्हणजे मलबारच्या बंदरांत जहाजानें उतरलेलें रुपें पालघाटच्या खिंडींतून वर यावें, खड्यांच्या बदल्यांत येथें राहावें, आणि खडे त्याच वाटेनें रोमास जावे, असा हा मार्ग होता.

यांत एक गंमत आहे. परदेशी रत्नांपायीं आपला पैसा परक्या राष्ट्रांकडे जातो, अशी तक्रार खुद्द टायबेरियसनें इ. स. २२ मध्यें सीनेटला पाठविलेल्या पत्रांत केल्याचें टॅसिटस सांगतो; आणि नेमकें त्याच बादशहाचें मस्तक कोइमतूरच्या मातींतून सर्वांत अधिक वर आलें! प्लिनीनें तर हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्स ओढून घेतो असा हिशेब मांडला आहे. चार सेस्टर्सचा एक दिनारियस, म्हणजे वर्षास सव्वा कोट दिनारियस झाले. हा आंकडा अतिशयोक्तीचा आहे असें म्हणणारे विद्वान् आहेत. पण व्यापार मोठा होता यांत संशय नाहीं.

आपल्या लोकांनीं हेंच नाणें कां पसंत केलें, याचें उत्तर तराजूंत आहे. इ. स. ६४ मध्यें नीरोनें पौंडांत ८४ ऐवजीं ९६ नाणीं पाडण्यास आरंभ केला आणि चांदींत हिणकस धातूहि वाढविली. आमचे व्यापारी परक्या राजाच्या अक्षरांस भुलणारे नव्हते. ते कस पाहात. म्हणून जुनें जाड रुपें त्यांनीं घेतलें, आणि नवें नाणें दक्षिणेंत क्वचितच सांपडतें. प्लिनीचीच दुसरी एक कथा आहे. सिंहलद्वीपाच्या राजानें रोमन दिनारियस पाहिले. त्यांवर निरनिराळ्या राजांचीं मस्तकें, पण वजन सर्वांचें सारखें. त्यावरून हे लोक सचोटीचे आहेत असें त्यानें ठरविलें. शिवाय आपला बत्तीस गुंजांचा ‘पुराण’ वजनानें या नाण्याच्या जवळचा. त्रिचूरजवळ एय्याल येथील ठेव्यांत आहत नाणीं आणि रोमन नाणीं एकत्रच मिळालीं.

संस्कृत जाणणाऱ्यांस आणखी एक दुवा सांगण्यासारखा आहे. अमरकोशांत निष्काच्या अर्थीं जो ‘दीनार’ शब्द येतो तो याच दिनारियसचा अवतार. सांचीच्या गुप्तकालीन शिलालेखांत, इ. स. ४१२-१३ च्या सुमारास, पंचवीस दीनार दान दिल्याचा उल्लेख आहे. तेथें मात्र तो सोन्याच्या नाण्याचा वाचक झाला आहे. रुपें आटलें, शब्द राहिला, आणि सोन्यास लागला. आपल्या बाजूसहि या नाण्याचें येणें होतें. भडोचेस सोन्याचे व चांदीचे रोमन दिनारियस देशी नाण्यांशीं बदलून फायदा होतो, असें ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकापुस्तकांत लिहिलें आहे, आणि भडोच हें पैठण व तेर येथील मालाचें बंदर होतें. तरीहि महाराष्ट्रांत रोमन रुप्याचे मोठे ठेवे निघत नाहींत. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांत तें आटलें गेलें असावें, असा अनेकांचा तर्क आहे.

आटणें या शब्दानें मला कोइमतूरच्या एका वृद्ध सराफाची आठवण होते. त्याचें दुकान पेठेंतल्या एका अरुंद गल्लींत होतें. मोडक्यातोडक्या इंग्रजींत तो म्हणाला, “माझ्या लहानपणीं शेतकरी अशीं नाणीं फडक्यांत बांधून आणीत. वडील वजन करीत, मी भाता ओढीं. पैंजण चांगले होत; चांदीला खोट नसे.” किती नाणीं आटविलीं असें मीं विचारलें तेव्हां तो नुसता हंसला. यांत त्याचा दोष तो काय? त्यास चांदीची किंमत मिळाली, शेतकऱ्यास धान्याची सोय झाली. पण त्या पैंजणांबरोबर कोणतें शेत, कोणती घागर, किती नाणीं, हें सर्व वितळून गेलें, आणि तें कोणत्याहि मुशींतून पुन्हां बाहेर निघावयाचें नाहीं.

म्हणूनच ज्यांनीं याद्या केल्या त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. चेन्नईस एग्मोर भागांत १८५१ सालीं स्थापन झालेलें सरकारी संग्रहालय आहे. तेथील अधिकारी एडगर थर्स्टन यांनीं १८८८ सालीं रोमन नाण्यांची यादी प्रसिद्ध केली. रॉबर्ट सेवेल यांनीं १९०४ सालीं हिंदुस्थानांत मिळालेल्या सर्व रोमन नाण्यांचा एकत्र आढावा घेतला, टी. जी. अरवमुथन् यांची सूची १९४२ सालीं निघाली. आणि १९८९ सालीं पॉला टर्नर यांनीं साऱ्या ठेव्यांची फेरतपासणी केली. आज वेल्लालूरविषयीं आपण कांहीं बोलूं शकतों तें अशा लोकांनीं नोंद ठेविली म्हणून.

हें सर्व मीं मुळांत हौसेनें शिकलों नाहीं. आमच्या शेजारच्या घरांतील एक गृहस्थ बँकेच्या नोकरींत असतां कोइमतुरास होते. १९५८ पासून १९६६ पर्यंत त्यांनीं टायबेरियसचींच चोवीस नाणीं जमविलीं. ते वारल्यावर पुष्कळ वर्षांनीं घराची वांटणी निघाली, आणि ती पत्र्याची पेटी व एक वही तीन भावांच्या मध्यें आली. थोरले म्हणाले, “मास्तर, चोवीस भागिले तीन, आठ आठ. यांत तुम्हांस बोलावण्यासारखें काय आहे?” धाकट्यांस विकून रोख रक्कम हवी होती. मधल्यांनीं मात्र आधीं यादी तरी करूं द्या असा हट्ट धरला, आणि तें काम माझ्याकडे आलें. चेन्नई-कोइमतूरचा प्रवास मीं त्याचसाठीं केला.

सगळीं नाणीं एकाच छापाचीं. तेव्हां यादी ती काय करावयाची असें कोणासहि वाटेल. पण भिंग लाविलें म्हणजे एक नाणें दुसऱ्यासारखें राहात नाहीं. त्या स्त्रीच्या खुर्चीचे पाय साधे आहेत कीं कातीव? खुर्चीखालीं रेघ एक, दोन कीं तीन? हातांत राजदंड आहे कीं उलटा भाला? पॅरिसचे जिआर यांनीं लियोंच्या टांकसाळीचा अभ्यास करतांना अशाच बारीक खुणांवरून या नाण्यांचे गट पाडले, आणि रोमन नाण्यांच्या मोठ्या इंग्रजी सूचींतहि याच खुणा धरल्या आहेत. मीं प्रत्येक नाण्यास क्रमांक दिला. वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या छापांचा परस्पर कोन, झीज व पृष्ठभागावरील छेद लिहून काढले. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं. नाणीं घासलीं मात्र नाहींत. कारण मळ हाहि पुरावा असतो.

मग वही उघडली. तींत भाव, तारीख आणि विकणाऱ्याचें गांव एवढेंच लिहिलेलें. पण तेवढ्यानें काम झालें. एकाच दिवशीं, एकाच फेरीवाल्याकडून नऊ नाणीं घेतलेलीं होतीं. त्या नवांवर एकाच तऱ्हेची हिरवट-काळी पुटें, आणि पांचांवर छिन्नीचे एकसारखे छेद, कस पाहण्यासाठीं मारलेले. हीं नऊ नाणीं एकाच घागरींतलीं असावींत असें समजण्यास पुष्कळ आधार होता. आठ-आठ वांटलीं असतीं तर हें कुटुंब दोन हजार वर्षांनीं फुटलें असतें, आणि वही कोणा एकाच्याच वांट्यास गेली असती.

मीं हें सांगितलें तेव्हां थोरले म्हणाले, “पण चांदी ती चांदीच ना?” त्यावर त्यांच्या मातोश्री, ज्या तोंवर माळ ओढीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “अरे, दागिने वांटतां येतात. पोथीचीं पानें वांटून कोणास वाचतां येणार?” मग पेटी व वही मधल्यांकडे राहिली, यादीची एकेक प्रत तिघांनीं घेतली, आणि इतर वस्तूंत थोडें अधिकउणें करून हिशेब मिळविला. थोरल्यांस तें मनापासून पटलें असें मी म्हणणार नाहीं. धाकट्यांनीं परदेशांत भाव चांगला येतो असें बोलून पाहिलें. परंतु १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींचें नाणें देशाबाहेर पाठविण्यास खासगी मनुष्यास बंदी आहे, आणि पुरावस्तूंचा व्यापारहि परवान्याखेरीज करतां येत नाहीं, हें मीं त्यांस दाखविलें. तो विषय तेथें राहिला.

वाचकांच्या घरींहि देवघराच्या डब्यांत, आजीच्या गाठोड्यांत जुनीं नाणीं असतील: मोहर, होन, पुतळी, शिवराई. तीं रोमन नसतील, नसोत. तीं घासूं नयेत, त्यांस कडी लावूं नये, आणि सराफाकडे नेण्यापूर्वीं एका कागदावर तीं कोणाकडून, कोणत्या गांवाहून, कोणत्या वर्षीं घरांत आलीं तें जाणत्या माणसास विचारून लिहून ठेवावें. जमीन खणतांना कांहीं मिळालें तर १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. नाणें कोणीहि विकत घेऊं शकेल. तें कोठून आलें हें सांगणारें माणूस मात्र घरांत एखादेंच असतें, आणि तें बहुधा वृद्ध असतें. तेव्हां विचारावयाचें तें या दिवाळीसच विचारावें.