वत्सगुल्मांतील चार दिवस

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी सुटली तेव्हां आभाळ भरून आलें होतें. या मार्गानें मी प्रथम गेलों तो विद्यार्थिदशेंत. त्या वेळीं येथें मीटरगेजची लहान गाडी होती, आणि बारशीटाकळी, जउळका अशा एकेका स्थानकावर ती इतका विसावा घेई कीं, उतारूंनीं खालीं उतरून चहा घ्यावा, ओळखीच्या माणसाची विचारपूस करावी व सावकाश परत येऊन बसावें. २००८ सालीं मार्ग रुंद झाला, गाडीस वेग आला आणि ती सवड गेली. दोन्ही बाजूंस सोयाबीन गुडघ्याएवढें वाढलें होतें; मधून मधून तुरीचे तास दिसत होते.

घरीं मीं सांगितलें होतें कीं, श्रावणमासानिमित्त बालाजीचें दर्शन घेऊन येतों. तें खोटें नव्हतें, परंतु पुरतें खरेंहि नव्हतें. माझ्या दिवंगत वडील बंधूंचें बिऱ्हाड वाशीमला आहे. वहिनींनीं फोन करून इतकेंच म्हटलें होतें, "भाऊजी, दोघे भाऊ एकमेकांशीं बोलेनासे झाले आहेत. रक्कम मोठी नाहीं, पण तुम्ही एकदां येऊन जा." रक्कम मोठी नसतांना भाऊ बोलेनासे होतात, तेव्हां प्रकरण हलकें नसतें, हें कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

वाशीम जिल्ह्याचा नकाशा पाहणाऱ्यास हा जिल्हा नवा वाटेल. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून निघून तो स्वतंत्र झाला. परंतु इंग्रजी अमलांत वऱ्हाडचे सहा जिल्हे होते त्या वेळींहि वाशीम हा जिल्हाच होता. १९०५ सालीं सहांचे चार झाले तेव्हां त्याची सत्ता गेली. आणि त्याच्याहि मागें, दीड हजार वर्षांपूर्वी, हें नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. त्याचें नांव वत्सगुल्म. अजिंठ्याचें सोळावें लेणें ज्या वराहदेवानें कोरविलें, तो या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे. मी शाळेंत संस्कृत शिकवीत असतां वैदर्भी रीतीचा विषय निघाला कीं, हा विवाह मुलांना सांगत असें. आमच्या वऱ्हाडांतील मुलांच्या तोंडावर त्या वेळीं जो अभिमान दिसे, तो अलंकारशास्त्राच्या इतर कोणत्याहि प्रकरणानें दिसत नसे.

नांवाची व्युत्पत्ति दोन प्रकारें सांगतात. वत्स ऋषींच्या तपामुळें देवांचा समूह येथें जमला, म्हणून वत्सगुल्म, ही क्षेत्रोपाध्यायांची. दुसरी एका जुन्या संस्कृत टीकाकाराची: दक्षिणापथांत वत्स व गुल्म नांवाचे दोघे सख्खे राजपुत्र होते, त्यांच्यावरून हा प्रदेश ओळखला जाऊं लागला. दोघां भावांच्या नांवाचें एकच नगर! त्या दिवशीं मला ही दुसरी व्युत्पत्ति अधिक बोचली.

पहिल्या दिवशीं मीं कोणासहि कांहीं विचारलें नाहीं. संध्याकाळीं बालाजीच्या देवळांत गेलों. हें देऊळ नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधविलें. भक्कम कोट, आंत ऐसपैस प्रांगण, जवळच देवतलाव. ज्यानें हयातभर इतरांकडून सारा वसूल केला, त्यानें आपल्या मिळकतीचा असा विनियोग करावा, हें मला नेहमींच विचार करण्याजोगें वाटत आलें आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पद्मतीर्थावर गेलों. बंधूंच्या अस्थि आम्ही येथेंच सोडल्या होत्या. त्या वेळीं दोन्ही पुतणे एका पायरीवर, खांद्याला खांदा लावून उभे होते.

दुपारीं जेवणें झाल्यावर थोरला पुतण्या आपण होऊन माझ्याजवळ बसला. त्याचें येथें बीं-खतांचें दुकान आहे. घरच्या जमिनीचें उत्पन्न शेतीचें म्हणून आयकरांतून सुटतें. परंतु बंधूंनीं बाजारांत जे चार गाळे घेऊन ठेवले, त्यांचें भाडें अविभक्त कुटुंबाच्या नांवें येतें व त्यावर कर पडतो. कायद्यानें हिंदु अविभक्त कुटुंब ही एक वेगळी 'व्यक्ति' मानलेली आहे. तिला स्वतःचा पॅन क्रमांक असतो, आणि तिच्या वतीनें 'कर्ता' व्यवहार पाहतो. हा शब्द आमच्या धर्मशास्त्राच्या परिभाषेंतून थेट आयकराच्या कागदांत जाऊन बसला आहे. माझ्यासारख्या पेन्शनरास आतां बारा लक्षांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर द्यावा लागत नाहीं. कुटुंब नांवाच्या या व्यक्तीस मात्र ती सूट नाहीं. तिला अग्रिम कर भरावा लागतो: १५ जूनपर्यंत शेंकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा.

"काका," तो म्हणाला, "मीं कर चुकविला नाहीं. उलट पूर्ण भरला. फक्त कार्डानें भरला."

येथें कांहीं वाचकांसाठीं खुलासा केला पाहिजे. आयकर आतां बँकेंत रांग न लावतां घरबसल्या भरतां येतो. बँकखात्यांतून परस्पर भरल्यास जादा आकार पडत नाहीं. क्रेडिट कार्डानें भरल्यास मधली बँक शेंकडा सुमारें एक रुपया आकार घेते व त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाला जवळजवळ १,१८० रुपये. एवढा भुर्दंड कोण सोसील? तर ज्याचें कार्ड त्यास खर्चाच्या मानानें 'गुण' देतें तो. हे गुण पुढें विमानाच्या तिकिटांत, हॉटेलांत किंवा वस्तूंत रूपांतरित होतात. बहुतेक कार्डांनीं सरकारी भरण्यावर गुण देणें बंद केलें आहे. कांहीं व्यापारी कार्डांवर ते अद्याप मिळतात. ज्याला शंभरास दोन रुपयांचे गुण मिळतात, त्याला लाखामागें आकार वजा जाऊन ८२० रुपयांचा लाभ. ज्याला शंभरास एकच मिळतो, तो १८० रुपये पदरचे घालून आपण हुशार आहों अशी समजूत करून घेतो. शिवाय बिल पुरतेपणीं व वेळेवर फेडलें तरच हें गणित. बाकी ठेवली कीं, महिन्याला शेंकडा तीन-साडेतीन व्याज. आयकर खात्याचें उशिराचें व्याज महिन्यास एक टक्का असतें. सरकारला कठोर म्हणणाऱ्यांनीं हे दोन आंकडे शेजारी शेजारी लिहून पाहावे. मीहि निवृत्तीनंतर हौसेनें एक कार्ड घेतलें होतें. बिलावर जी लहान रक्कम ठळक छापलेली असते तीच देणें आहे असें समजून तेवढी भरीत राहिलों, आणि तीन महिन्यांनीं डोळे उघडले. चाळीस वर्षें मुलांच्या गणितांना गुण देणाराची ही गत!

पुतण्याचें गणित माझ्याहून पुष्कळ पक्कें होतें. त्याच्या कार्डावर वर्षाच्या शेवटच्या तिमाहींत दोन लाखांचा खर्च झाल्यास पांच हजार रुपये किंमतीचे जादा गुण मिळावयाचे होते. त्याचा स्वतःचा कर व दुकानाची खरेदी मिळून १,८१,००० झाले. एकोणीस हजार कमी पडत होते. कुटुंबाचा वर्षाचा कर होता २४,०००. दुसऱ्याच्या नांवचा कर आपल्या कार्डानें भरण्यास आडकाठी नाहीं. त्यानें तो १५ मार्चला आपल्या कार्डानें भरला, टप्पा ओलांडला, आणि नंतर कुटुंबाच्या खात्यांतून २४,००० व आकार स्वतःच्या खात्यांत वळते करून घेतले. पूर्वी साठलेले गुण व हें बक्षीस मिळून दोन तिकिटें झालीं. नागपूरहून विमानानें हैदराबादमार्गें तो व सूनबाई तिरुपतीस जाऊन आलीं.

"यांत घराचें काय गेलें, काका? कर भरावयाचाच होता."

मीं कुटुंबाची वही मागविली. भाड्याच्या जमेच्या खालीं आकार २८३ रुपये २० पैसे असा खर्च घातलेला होता. तें एक. दुसरें वहींत नव्हतें. तें विवरणपत्र भरतांना धाकट्याच्या नजरेस आलें होतें. कुटुंबाच्या कराचे जून, सप्टेंबर व डिसेंबरचे हप्ते थोरल्यानें भरलेच नव्हते. सगळी रक्कम मार्चच्या टप्प्यासाठीं राखून ठेविली होती. त्याबद्दल व्याज पडलें: ३,६०० वर तीन महिन्यांचे १०८, १०,८०० वर ३२४ आणि १८,००० वर ५४०, एकूण ९७२. तेंहि कुटुंबानें दिलें. म्हणजे १,२५५ रुपये २० पैसे सामाईक खर्च, आणि गुण एकट्याचे. धाकटा पुण्यास नोकरीला आहे. त्यानें फोनवर "हा हिशेब बाबांच्या वहींत शोभत नाहीं" एवढें एकच वाक्य म्हटलें, आणि तेथपासून दोघांचें बोलणें बंद.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मनांत पुनःपुन्हा वाशीमचा ताम्रपट येत होता. १९३९ सालीं येथें सांपडलेला हा ताम्रपट वाकाटक द्वितीय विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षांतला. आरंभ संस्कृतांत, पुढील भाग प्राकृतांत. नांदेडकडील एक गांव त्यानें अथर्ववेदी ब्राह्मणांस दिलें आणि त्यास कोणकोणत्या करांतून मोकळीक आहे याची यादी लिहविली. राजाच्या शिपायांनीं गांवांत शिरूं नये. मीठ खणण्याचा हक्क गाजवूं नये. फुलें व दूध मागूं नये. फिरतीवरच्या अधिकाऱ्यासाठीं आसन, चर्म, कोळसे देण्याची सक्ति नसावी. या नगराचा हा सर्वांत जुना बोलका कागद, आणि तो करमाफीचा! याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेंतील द्वितीय प्रवरसेनानें अचलपूरजवळच्या चम्मक येथें जी देणगी दिली, तिच्यांत तर अटीहि आहेत: ब्राह्मणांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी करूं नये, युद्ध करूं नये; तसें झाल्यास राजानें गांव परत घ्यावें. सवलतीखालीं बारीक अक्षरांत अटी लिहिण्याचा प्रघात आजच्या बँकांनीं काढला असें नव्हे.

तिसऱ्या दिवशीं मीं दोघांना एकत्र बसविलें. थोरला समोर, धाकटा फोनवर. वहिनीहि बसल्या. मीं शास्त्राची बाजू सांगितली. अविभक्त कुटुंबांतील एकानें सामाईक द्रव्यास धक्का न लावतां जें मिळविलें, तें त्याचें एकट्याचें, असें याज्ञवल्क्याचें मत विज्ञानेश्वरानें 'मिताक्षरें'त सविस्तर मांडलें आहे. थोरल्यानें आकार स्वतःच्या खिशांतून दिला असता व हप्ते वेळेवर भरले असते, तर पांच हजार गुणांकडे कोणास बोट दाखवितां आलें नसतें. पण येथें धक्का लागला. तेव्हां १,२५५ रुपये २० पैसे त्यानें परत जमा करावे, आणि कुटुंबाच्या २४,००० वर मिळालेल्या गुणांचे ४८० रुपयेहि.

"आणि ते पांच हजार?" थोरल्यानें विचारलें. "कार्ड माझें, खटपट माझी, एक लाख एक्याऐंशी हजार माझे. घरचे चोवीस हजार नुसते शेवटची पायरी."

"शेवटची पायरी नसती तर वर चढला असतास का?" मीं विचारलें. वसिष्ठस्मृतींत सामाईक द्रव्याच्या आधारानें मिळविणारास दोन वांटे सांगितले आहेत. म्हणून पांच वांटे करावे: थोरल्याचे दोन, धाकट्याचा एक, वहिनींचा एक, आणि नागपूरला दिलेल्या पुतणीचा एक. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीहि मुलाप्रमाणें जन्मतःच वांटेकरी आहे. हें ऐकून वहिनी चकित झाल्या. पुतणीस कोणी या प्रकरणाची वार्ताहि दिलेली नव्हती.

धाकटा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, मला हजार रुपये नकोत. दादानें जूनमध्येंच फोन करून सांगितलें असतें तर मीं म्हटलें असतें, खुशाल भर. मला हें आयकराच्या कागदावरून कळावें का?"

थोरल्यानें मान खालीं घातली. त्याच्या मनांत कपट नव्हतें, हें मी आजहि म्हणेन. बंधूंच्या पश्चात् कर्तेपण अंगावर पडलें, आणि घराचा पैसा व आपला पैसा एकाच खिशांत असल्यासारखा तो वागूं लागला. चांगल्या घरांतहि असें घडतें. वहिनी मात्र स्पष्ट बोलल्या.

"मला पैशाचें कांहीं नाहीं रे. यांच्या वर्षश्राद्धानंतर तिरुपतीला जावें असें मीच म्हणत होतें. तुम्हीं दोन तिकिटें काढलींत. तिसरें काढावयाचें नव्हतें तर नको. घरचा बालाजी आहेच मला. पण 'आई, येतेस का' एवढें विचारावयाला काय झालें होतें?"

सूनबाई आंतून आल्या व सासूच्या शेजारी बसून राहिल्या. त्यावर शास्त्रार्थ करण्यासारखें मजजवळ कांहीं उरलें नव्हतें.

चौथ्या दिवशीं सकाळीं थोरल्यानें १,७३५ रुपये २० पैसे कुटुंबाच्या खात्यांत भरले व वहींत स्वतःच्या अक्षरानें नोंद केली. जून महिन्याचा हप्ता त्यानें यंदा वेळेवर, खात्यांतून परस्पर भरला होता. त्याची पावतीहि दाखविली. पांच वांट्यांचा निकाल मात्र तसाच राहिला. पुतणीला विचारल्यावांचून तो लागूं करूं नये, असें वहिनींचें म्हणणें पडलें, आणि तें रास्त होतें.

स्थानकावर पोहोंचवावयास थोरला आला. तिकीट काढतांना त्याचा हात संवयीनें खिशांतील कार्डाकडे गेला. मग त्यानें माझ्याकडे पाहिलें व तो हंसला. मीं रोख पैसे दिले. गाडी येण्यास वीस मिनिटें होतीं. तेवढ्यांत त्याचा फोन वाजला. पुण्याहून धाकटा बोलत होता. थोरला फोन कानाला लावून फलाटाच्या टोंकापर्यंत गेला आणि गाडी आली तरी परतला नाहीं. मीं माझी पिशवी मीच उचलून डब्यांत ठेवली.