अकरा प्रकरणांची एक सूची

ग्रंथाच्या अखेरीस बारीक टायपात छापलेली सूची हा सहसा कौतुकाचा विषय होत नाही. प्रस्तावनेत तिच्याविषयी एखादे वाक्य येते, तेही आभाराच्या परिच्छेदात, मुद्रितशोधन करणाऱ्याच्या शेजारी. आणि तरीही अभ्यासक ग्रंथ हाती घेतला की प्रथम शेवटची पाने उलगडतो. आपल्या विषयाला या लेखकाने किती जागा दिली आहे, कोणत्या नावाखाली दिली आहे, आणि कोणते नाव त्याने मुळीच घेतलेले नाही, हे त्याला तेथे अर्ध्या मिनिटात कळते. लेखक ग्रंथ एका क्रमाने लिहितो. सूची तो क्रम मोडते, आणि मोडलेल्या तुकड्यांतून दुसराच एक ग्रंथ उभा करते. या दुसऱ्या ग्रंथाचा कर्ता कोण, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. लेखक हयात असेल तर विचारण्याचे कारणही पडत नाही.

दिल्लीतील एका विद्यापीठात भारतीय भाषांचे अध्यापन केलेले एक मराठी प्राध्यापक निवर्तले, तेव्हा त्यांच्या संगणकात भारतीय भक्तिकाव्यावरील एका ग्रंथाची अकरा प्रकरणे अकरा स्वतंत्र फायलींत पडून होती. पहिली १९९६ मधली, शेवटची २०१७ मधली. एकवीस वर्षांचे ते लेखन पूर्ण झाले होते असे म्हणता येईल. सरांनी ते एकत्र मात्र कधी केले नव्हते. कुटुंबीयांनी ते त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे सोपविले. ती स्वतः आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली. विभागात सगळे तिला बाई म्हणतात. प्रकाशकाने ग्रंथ स्वीकारला, पण नावांची व विषयांची एक सामाईक सूची असली पाहिजे ही अट घातली. हस्तलिखितात (हा शब्द केवळ सवयीने वापरावयाचा, हाताने लिहिलेले त्यात काहीच नव्हते) सूचीची एकही खूण नव्हती. बाईंनी अट मान्य केली. दोन महिन्यांचे काम, असा त्यांचा अंदाज होता.

पहिली अडचण अगदी पायाशी निघाली. आरंभीची चार प्रकरणे जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली होती. त्या काळी पडद्यावर दिसे ती देवनागरी, पण यंत्राच्या पोटी साठविली जात ती रोमन अक्षरांचीच चिन्हे. त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे तेवढे चढविलेले असत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी आपल्याकडील इस्की या प्रमाणकावर आधारलेली होती, हे खरे. परंतु घरोघरच्या संगणकावर ती पोचली २००० सालच्या विंडोजपासून, आणि सवयी त्याहूनही उशिरा बदलल्या. त्यामुळे सातव्या प्रकरणातला ‘तुकाराम’ हा शब्द घेऊन दुसऱ्या प्रकरणात शोध केला, तर यंत्र तो तेथे नाहीच म्हणे, आणि पानभर तुकाराम डोळ्यांसमोर असे. चारही प्रकरणे रूपांतरित करून घ्यावी लागली. रूपांतराने बहुतेक शब्द सुखरूप पार नेले. जोडाक्षरांनी थोडा त्रास दिला. सासवडची कऱ्हा नदी पुढे सूचीत दोनदा अवतरली, दोन्ही नोंदी डोळ्याला एकसारख्या. एकीतला अर्धा र एका रीतीने साठविलेला होता आणि दुसरीतला निराळ्या रीतीने, मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. माणसाला एक दिसते ते यंत्राला दोन असते. याच्या उलट, यंत्राला एक दिसते ते माणसाला दोन असू शकते. हा दुसरा प्रकार पुढे अधिक जड गेला.

एकाहून अधिक फायलींची एक सूची करण्याची युक्ती मुळात साधी आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शब्द निवडून ऑल्ट, शिफ्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की त्या शब्दालगत एक छुपी खूण बसते; वाचकाला ती दिसत नाही, छपाईत उमटत नाही. अशा खुणा सगळ्या प्रकरणांत पेरावयाच्या. मग एक कोरी फाइल घेऊन तिच्यात प्रत्येक प्रकरणाच्या फाइलीचा पत्ता आरडी नावाच्या क्षेत्रात लिहावयाचा, एकाखाली एक, प्रकरणांच्या क्रमाने. आणि त्यांच्याखाली सूचीचे क्षेत्र घालावयाचे. ते अद्ययावत केले की सगळ्या फायलींतल्या खुणा वर्णानुक्रमाने येऊन उभ्या राहतात. मास्टर डॉक्युमेंट नावाची दुसरीही वाट वर्डमध्ये आहे, पण मोठ्या कामात फायली बिघडविण्याबद्दल तिची इतकी अपकीर्ती आहे की जाणकार तिच्या वाटेस जात नाहीत. लिबरऑफिसमध्ये त्याच नावाची सोय अधिक भरवशाची आहे. बाईंच्या प्रकाशकाला मात्र वर्डच हवे होते.

या युक्तीत एक मेख आहे. यंत्र प्रत्येक फाइलीचा पृष्ठांक त्या फाइलीत असेल तसाच उचलते. अकराही प्रकरणे एकपासून सुरू होत असतील, तर सूचीत कबीर पृष्ठ ७ वर सापडेल, पण कोणत्या सातवर हे कोणी सांगणार नाही. म्हणून पहिले प्रकरण जेथे संपते त्याच्या पुढचा अंक दुसऱ्याच्या आरंभी हाताने लिहावयाचा, मग तिसऱ्याच्या, असे अकरापर्यंत. मधल्या एखाद्या प्रकरणात चार ओळी वाढल्या आणि पान सरकले की पुढचे सगळे अंक पुन्हा. सरांच्या अकरा प्रकरणांना सलग पृष्ठांक प्रथम मिळाले ते अशा रीतीने, सूचीच्या गरजेपोटी.

खुणा आपोआप पेरण्याचीही सोय आहे: शब्दांची एक यादी दिली की यंत्र तो शब्द जेथे जेथे आढळेल तेथे खूण करते. इंग्रजीला ती थोडीफार उपयोगी पडत असेल. मराठीत नाम क्वचितच एकटे उभे राहते. नामदेवाने, नामदेवांस, नामदेवांच्या, नामदेवाचिया – यादीत लिहिलेले रूप जसेच्या तसे आढळले तरच यंत्र ओळखते, आणि मराठी विभक्ती व शब्दयोगी अव्यये यांना तर अंत नाही. शिवाय ‘राम’ म्हणून खूण मागितली की दाशरथी राम, कबीराचा निर्गुण राम आणि ‘त्यात राम उरला नाही’ मधला राम, तिघेही एका रांगेत. बाईंनी एक दिवस हा प्रयोग केला आणि सोडून दिला. त्यानंतर त्यांनी अकरा प्रकरणे ओळीने वाचली आणि प्रत्येक खूण स्वतः केली. दोन महिन्यांचा अंदाज तेथेच संपला.

वर्णानुक्रमाने आणखी एक पेच उभा केला. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, कारण ते कोष्टक एकट्या मराठीसाठी केलेले नाही. मराठीचा स्वतंत्र क्रम जेथे लागू होत नाही तेथे आळंदी आणि आळवार हे दोघेही तुकारामपत्नी आवलीच्या आणि शंकरदेवांच्या आसामच्या आधी जाऊन बसतात. मराठी वाचक त्यांना आसामनंतर शोधणार. ज्ञ चेही तसेच. मराठी मुलांना तो वर्णमालेच्या अगदी शेवटी शिकविला जातो. हिंदी कोशात तो ज च्या पोटात असतो. ग्रंथ मराठीत, पण वाचणारे देशभरचे. बाईंनी ळ मराठीप्रमाणे ठेवला आणि ज्ञ ज मध्ये घातला. या निवडीत तर्कापेक्षा वाचकाची सोय अधिक होती, आणि सूचीच्या बाबतीत ते योग्यच म्हटले पाहिजे. मात्र हे बदल हातानेच करावे लागले, आणि सूची पुन्हा अद्ययावत केली की हाताचे काम पुसले जाते.

येथवरची सगळी कष्टाची कामे. कसोटी लागली ती नावांपाशी.

एकवीस वर्षांत सरांची लेखणी एकसारखी राहिलेली नव्हती. एका प्रकरणात आंडाळ, दुसऱ्यात आण्डाळ, तिसऱ्यात गोदा. नम्माळवार एके ठिकाणी शठकोप होऊन येतात. काश्मीरची कवयित्री लल्लेश्वरी आहे, लल्ला आहे, आणि उत्तरायुष्यात लिहिलेल्या प्रकरणात लल द्यद आहे. बसवेश्वर आणि बसवण्णा. अशा नोंदी एका मथळ्याखाली आणून बाकीच्यांपुढे ‘पाहा’ लिहावयाचे, हा सूचीकारांचा रूढ मार्ग. बाईंनी तो अनुसरला. पण लल द्यद हाच मुख्य मथळा केला, कारण सर अखेरीस त्या नावापर्यंत पोचले होते.

ज्ञानदेवांपाशी हा मार्ग पुरला नाही. ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे हे दोन भिन्न पुरुष होते, असा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी घातला होता. पुढे बहुसंख्य अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. परंतु त्याची सावली मराठी संशोधनावरून पूर्ण गेली, असेही नव्हे. सरांच्या दुसऱ्या प्रकरणात टीकेचा विषय असला की ‘ज्ञानेश्वर’ आणि अभंगांचा असला की ‘ज्ञानदेव’ असे कटाक्षाने लिहिलेले आहे. नवव्या प्रकरणात दोन्ही नावे सरमिसळ येतात. दुसऱ्या प्रकरणातला भेद म्हणजे मत होते की नुसती लकब? दोन नोंदी केल्या तर भारद्वाजांचा पक्ष सरांच्या पदरी बांधल्यासारखे होणार. एक केली तर त्यांनी कदाचित जाणून राखलेली एक रेघ त्यांच्या पश्चात पुसली जाणार. विचारावे असा माणूस उरलेला नव्हता.

डॅनिश संस्कृतज्ञ सोरेन्सेन यांनी महाभारतातील नावांची जी प्रचंड सूची केली, तिच्यावरही असाच प्रसंग आला होता. मुंबईची प्रत, कलकत्त्याची प्रत आणि प्रतापचंद्र रॉय यांनी प्रसिद्ध केलेले इंग्रजी भाषांतर, अशा तीन दस्तऐवजांचा मेळ घालणारी ती सूची. कर्ता १९०२ साली वारला; सूची १९०४ ते १९२५ या काळात भागाभागाने निघाली. तेथे सूचीकार गेला आणि ग्रंथ उरला होता. एकाच नावाचे अनेक पुरुष आणि एकाच पुरुषाची अनेक नावे, हा महाभारताचा नित्याचा व्यवहार आहे. सूचीकाराने तेथे अर्जुनाखाली धनंजय घातला तर कोणाचे काही बिघडत नाही. कारण महाभारत स्वतःच सांगते की तो एकच आहे. सरांचा ग्रंथ तसे सांगत नव्हता.

बाईंनी शेवटी ‘ज्ञानदेव (ज्ञानेश्वर)’ असा एकच मथळा केला आणि त्याखाली ‘अभंग’ व ‘ज्ञानेश्वरी’ असे दोन पोटभाग पाडले. दोन पुरुष मानणाऱ्याला आणि एकच मानणाऱ्याला, दोघांनाही आपापली पृष्ठे त्यात सापडतात.

‘नामा’ ही नोंद मात्र अशी सुटली नाही. वारकरी संप्रदायातील नामदेव आणि सोळाव्या शतकातील, मराठी महाभारत रचणारा विष्णुदास नामा, या दोघांच्या रचना गाथेत एकमेकींत मिसळल्या आहेत हे सर्वमान्य आहे. कोणती कोणाची, यावर मात्र एकमत नाही. त्यातच शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबातली एकसष्ट पदे आहेत, आणि त्यांचा नामदेव तोच का, हाही प्रश्न अधूनमधून विचारला जातो. अकरा प्रकरणांत नुसता ‘नामा’ असा उल्लेख चौदा ठिकाणी होता. यंत्राने चौदाही एका ओळीत मांडून दिले. बाईंनी एकेक पान पुन्हा वाचले. सात ठिकाणी संदर्भावरून पंढरपूरचा नामदेव निश्चित होता. चार ठिकाणी विष्णुदास. उरलेल्या तीन ठिकाणी सरांनी केवळ कवितेतील मुद्रेचा निर्देश केला होता आणि कर्त्याविषयी एक अक्षर लिहिले नव्हते. एरवी कर्तृत्वाचा प्रश्न आला की पानपानभर चर्चा करणारा हा माणूस तेथे तीनही वेळा गप्प होता.

त्या तीन जागांसाठी त्यांनी तिसरी नोंद केली: ‘नामा (मुद्रा)’. प्रकाशनसंस्थेतील संपादकांनी ती कोणत्या तरी एका नामदेवाखाली घालावी असे सुचविले, कारण अशी निराधार नोंद सूचीत शोभत नाही. बाईंनी नकार दिला, आणि त्या दोन ओळींच्या उत्तरापलीकडे त्यांनी काही लिहिले नाही.

मुद्रिते आली तेव्हा तिसरे प्रकरण एका पानाने वाढलेले होते. पुढच्या आठ फायलींचे आरंभीचे पृष्ठांक बदलावे लागले, सूची पुन्हा अद्ययावत झाली, आणि आळंदी व आळवार पुन्हा आवलीच्या आधी जाऊन बसले. बाईंनी ळ दुसऱ्यांदा हाताने आपल्या जागी नेला. मग त्यांनी ‘नामा (मुद्रा)’ ही ओळ काढून पाहिली. तिच्यापुढे ३८, २०३ आणि ३११ होते. आता ३८, २०४ आणि ३१२ झाले होते. तीनही पाने उघडून, मुद्रा तेथेच आहे याची खात्री करून त्यांनी फाइल प्रकाशकाकडे पाठविली.