मायकेल रिपरबरोबर गेलेल्या गोष्टी

सरायवाला.
हॅमर फिल्म्स या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांत तो हमखास भेटायचा. दिवस कलत आलेला असतो, बग्गी परक्या गावात थांबते, पाहुणा सरायचं दार ढकलून आत येतो आणि आतली बोलणी तुटतात. गल्ल्यामागचा ठेंगणा, मोठ्या डोळ्यांचा माणूस तेवढा मान वर करून बघतो. डोंगरावरच्या गढीत काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. या पाहुण्याला त्यातलं किती सांगावं, याचा हिशेब त्या डोळ्यांत चाललेला दिसतो.

कोकणातल्या भुताच्या गोष्टीतही वेशीवर असा एक माणूस भेटतोच. तो म्हणतो, "आता रात्रीचं पुढं जाऊ नका." त्या एका वाक्यावर अख्खी गोष्ट उभी असते. भूत पाहून किंचाळणारा नायक कालच गावात आलेला असतो, त्याच्या किंकाळीवर विश्वास ठेवायला काहीच आधार नसतो. ज्याचं दुकान त्या भुताच्या सावलीत आहे, जो सकाळी फळ्या काढतो आणि अंधार पडला की कड्या लावतो, त्याच्या तोंडावरून भीतीचा खरेपणा कळतो. मायकेल रिपरनं आयुष्यभर हे तोंड पुरवलं. 1913 साली पोर्ट्समथला जन्म, 2000 साली मृत्यू. हॅमरच्या तीसहून अधिक चित्रपटांत तो होता. त्या कंपनीच्या इतक्या चित्रपटांत दुसरा कुठलाच नट नाही, पीटर कुशिंग नाही आणि ख्रिस्तोफर लीही नाही. तरी भित्तिपत्रकावर ठळक अक्षरांत नाव यायचं ते त्या दोघांचं.

फुटामागे एक पौंड.
ब्रिटिश सरकारनं 1927 साली कायदा केला. अमेरिकी चित्रपटांपुढे देशी धंदा टिकावा म्हणून वितरकांना ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट घेणं सक्तीचं झालं. सुरुवात साडेसात टक्क्यांपासून, पुढं वाढत वाढत ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. अमेरिकी कंपन्यांनी यावर स्वस्तातली तोड काढली. फिल्मच्या दर फुटाला एक पौंड या हिशेबानं झटपट चित्रपट बनवून घ्यायचे आणि कोटा भरून टाकायचा. रिपरचा चित्रपटप्रवेश 1936 सालचा, तो याच मालातून. त्यातले बहुतेक चित्रपट वाईटच होते. पण कॅमेऱ्यासमोर उभं कसं राहायचं, खडूची खूण खाली न बघता कशी गाठायची, दिवे लागेपर्यंत गप्प कसं बसायचं, हे शिकायला कोवळ्या नटाला रोजगारासकट जागा मिळाली. 1938 च्या नव्या कायद्यानं किमान खर्चाची अट घातली आणि ती जागा आक्रसली. वाईट चित्रपट गेले याचं दुःख नाही. उमेदवारीची जागा गेली, हे मात्र मोठं नुकसान आहे.

आठवड्याचं नाटक.
इंग्लंडच्या गावोगावी रेपर्टरी मंडळ्या असत. या आठवड्याचं नाटक संध्याकाळी करायचं, पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम सकाळी, आणि रात्री निजण्याआधी त्याची नक्कल पाठ करायची. सोमवारी खुनी, पुढच्या सोमवारी पाद्री, त्याच्या पुढच्या सोमवारी कुणाचा तरी काका. ब्रिटिश चरित्रनटांच्या दोन-तीन पिढ्या या घाण्यातून निघाल्या. दारातून आत येताच त्यांच्या माणसाला वय असायचं, धंदा असायचा, काल रात्रीची झोप झाली की नाही तेही कळायचं. दूरदर्शन संच घरोघर आले आणि या मंडळ्या एकेक करून मिटल्या.

आवाज.
रिपरही रंगभूमीचाच माणूस. 1952 साली त्याच्या थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली आणि प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं त्याला जमेना. रंगभूमी सुटली. वय एकोणचाळीस. नटाच्या आयुष्यात याहून वाईट बातमी क्वचितच येत असेल. पण माइकला मोठा आवाज लागत नाही. उरलेला आवाज घोगरा होता, थोडा दबलेला. सांगू नये ते सांगतोय असा वाटणारा. लॉरेन्स ऑलिव्हिएनं 1955 च्या 'रिचर्ड द थर्ड'मध्ये दोन मारेकऱ्यांपैकी दुसरा म्हणून त्याला घेतलं. शेक्सपिअरनं त्या दुसऱ्या मारेकऱ्याला ऐन वेळी मनाची टोचणी दिलेली आहे, आणि काम करायला आलेला पण हात न उचलणारा माणूस ही तर रिपरच्या घरचीच गोष्ट होती.

मग हॅमर. त्यानं तिथं काय काय केलं ते सांगायलाच हवं, कारण छोट्या भूमिका एकेकट्या पाहिल्या तर काहीच वाटत नाही. 'द रिव्हेंज ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये थडगी उकरणारा. 'द ममी'मध्ये रानात चोरून शिकार करणारा, ज्याला ममी दिसते आणि जो धापा टाकत पब गाठतो. 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला'त तरुण मुलीला परक्या गावात सोडून बग्गी हाकून निघून जाणारा गाडीवान. 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ'मध्ये तुरुंगाच्या कोठडीतला म्हातारा दारुडा. त्याच कोठडीत नायक ऑलिव्हर रीडचा लांडगा होतो, म्हणजे दारुड्याचं काय होणार ते उघड आहे. 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज'मध्ये पोलीस हवालदार, 'टेस्ट द ब्लड ऑफ ड्रॅक्युला'त हरवलेल्या मुलीची तक्रार मनावर न घेणारा इन्स्पेक्टर. 'स्कार्स ऑफ ड्रॅक्युला'त पुन्हा सरायवाला, पण आता करवादलेला. गावातल्या बायकापोरी देवळात सुरक्षित राहतील म्हणून ठेवल्या होत्या आणि परतल्यावर सगळ्या मेलेल्या सापडल्या. त्यानंतर या सरायत पाहुण्याचं स्वागत होत नाही. त्याच त्या गल्ल्यामागे दोन वेगळी माणसं उभी करता येतात, हे या भूमिकेत दिसतं.

'कॅप्टन क्लेग' 1962 सालचा. यात रिपर मिप्स नावाचा शवपेट्या करणारा सुतार आहे आणि दारूच्या चोरट्या व्यापारात पाद्री झालेल्या पीटर कुशिंगचा उजवा हात. चित्रपटभर तो हलकाफुलका आहे, लबाडी अंगात मुरलेली. शेवटी कुशिंगचं पात्र मरतं. मिप्स ते प्रेत उचलून स्मशानात नेतो आणि ज्या थडग्यावर आधीपासून त्या मेलेल्याचंच नाव कोरलेलं आहे त्या रिकाम्या थडग्यात त्याला ठेवतो. इथं रिपरला बोलायला काही नाही. ठेंगण्या अंगाला प्रेताचं वजन पेलत नाही आणि चेहरा आवरत नाही, एवढंच दिसतं. नायक कुशिंग आहे, पण चित्रपटाचा शेवट रिपरच्या हाती दिलेला आहे, आणि दिग्दर्शक पीटर ग्रॅहम स्कॉटनं तो योग्य हाती दिला.

ब्रेचा स्टुडिओ.
थेम्सच्या काठी ब्रे गावाजवळ 'डाउन प्लेस' नावाचा जुना वाडा होता. हॅमरनं तो घेतला आणि 1950 च्या दशकात त्याचाच स्टुडिओ केला. वाड्याच्या खोल्या, जिने, बाहेरची हिरवळ, सगळं चित्रपटांत वापरलं गेलं. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन एकाच चित्रपटासाठी काही बांधत नसे. आज जे देऊळ ते उद्या तळघर, एका चित्रपटातला दिवाणखाना पुढच्या चित्रपटात रंग बदलून हजर. 1965 साली कॉर्नवॉलचं एक खेडं मागच्या आवारात उभं केलं आणि 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' व 'द रेप्टाइल' हे दोन चित्रपट जॉन गिलिंगनं पाठोपाठ तिथंच काढले. रिपर दोन्हींत आहे. पहिल्यात त्या गल्लीतून हवालदार म्हणून फिरला, दुसऱ्यात त्याच गल्लीत पबचा मालक झाला.

ठरलेली मंडळी असण्याचा हा फायदा. तेच छायालेखक, तेच रंगभूषाकार, तेच सुतारखातं, तेच सात-आठ नट. त्यामुळे छोटी भूमिका करणारा दाराशी उभा राहून वाट बघणारा उपरा राहत नसे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सरायवाल्याचं नाव जर्मन आणि बोलणं लंडनचं, असं असूनही आपण ते गाव खरं मानतो, कारण तिथं राहणारी माणसं एकमेकांना खरोखर ओळखतात.

ब्रेचा स्टुडिओ नाहीसा झालेला नाही, हे सांगणं भाग आहे. 'द रिंग्ज ऑफ पॉवर'सारख्या ॲमेझॉनच्या अवाढव्य मालिकेचा दुसरा हंगाम तिथं चित्रित झाला. जागा अजून आहे. गेली ती पद्धत, ज्यात एका नटाला वर्षाकाठी दोन-तीनदा बोलावणं यायचं आणि येताना तो काय आणेल हे सगळ्यांना माहीत असायचं.

हॅमरनं ब्रेला केलेला शेवटचा चित्रपट 'द ममीज श्राउड'. रिपर इथं लाँगबॅरो, एका श्रीमंत, उर्मट माणसाच्या पदरचा नोकर. मालक चारचौघांत पाणउतारा करतो, हा मान खाली घालतो. डोळे अधू, चष्म्याशिवाय दिसत नाही. इजिप्तच्या उकाड्यातून सुटून घरी जायचं, एवढीच त्याची इच्छा. ममी त्याच्यापर्यंत येते तेव्हा चष्मा फुटलेला असतो. समोर काहीतरी हलतंय इतकंच त्याला कळतं, काय ते कळत नाही. तो बारीक डोळे करून बघायचा प्रयत्न करतो, कारण जन्मभर समोर कुणी आलं की आधी नीट बघून मग अदबीनं बोलायची सवय आहे. मग ममी त्याला खिडकीबाहेर फेकते. या चित्रपटातली बाकीची मरणं मला आठवत नाहीत. हे एक विसरता येत नाही. भयपटात नोकराच्या मरणाचं एरवी कुणाला काही वाटत नाही, रिपरनं ते वाटायला लावलं.

जोडीचा चित्रपट.
एका तिकिटात दोन. 1966 साली इंग्लंडमध्ये 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'बरोबर 'प्लेग ऑफ द झॉम्बीज' लागे, 'रास्पुतिन'बरोबर 'द रेप्टाइल'. पहिल्यात मोठं नाव असायचं, दुसरा त्याच्या जिवावर चालायचा. पण दुसऱ्यावर नजर कमी, म्हणून मोकळीक जास्त. 'द रेप्टाइल'मध्ये ख्रिस्तोफर ली नाही, कुशिंग नाही. म्हणूनच रिपरचा टॉम बेली हा पबवाला, पूर्वीचा खलाशी, नायकाच्या खांद्याला खांदा लावून रात्री थडगी उकरताना दिसतो. परका माणूस आत येताच सगळी गिऱ्हाइकं उठून जातात आणि हा एकटा त्याच्याशी माणसासारखं बोलतो. इतक्या वर्षांनी सरायवाल्याला गल्ला ओलांडून बाहेर यायला मिळालं. एकाच चित्रपटाचा खेळ रूढ झाला तेव्हा दुय्यम चित्रपट संपला, आणि त्याबरोबर दुय्यम नटाला कधीमधी मिळणारी पहिली जागाही संपली.

'स्पॉटलाइट'चे जाडजूड खंड.
नटांचे फोटो, खाली एजंटाचं नाव. 1927 पासूनची ही सूची. भूमिका देणारा माणूस पानं उलटायचा, आणि शोधत होता त्याऐवजी शेजारच्या पानावरच्या चेहऱ्यावर थबकायचा. आता सगळं पडद्यावर आहे आणि जे मागाल तेच समोर येतं.

जिवंत प्रक्षेपण.
बीबीसीच्या 'क्वाटरमास अँड द पिट' या मालिकेत (1958-59) रिपर लष्करी सार्जंट होता. त्या काळच्या मालिकेत बराचसा भाग थेट प्रक्षेपित होई, चुकलं तर सावरायची जबाबदारी समोरच्या नटाची. आठवड्याच्या नाटकात घडलेली माणसं इथं उपयोगी पडली. ही मालिका सुदैवानं सहाच्या सहा भागांसह शिल्लक आहे. क्वाटरमास या पात्राच्या पहिल्या मालिकेचे सहांपैकी दोनच भाग उरलेत. बाकीच्या चार भागांत कोण कोण किरकोळ भूमिकांत किती चांगलं करून गेलं, ते आता कुणालाच दिसणार नाही.

हॅमरचा जोर 1970 च्या दशकात ओसरला. रिपर थांबला नाही. 1978 ते 1983 बीबीसीवर 'बटरफ्लाइज' चालली, कार्ला लेननं लिहिलेली. त्यात तो लेनर्ड या पात्राचा शोफर थॉमस. मालक एका विवाहित बाईच्या प्रेमात, आणि थॉमस गाडीजवळ. बोलणं मोजकं, दिसतं सगळं. सेंट ट्रिनियन्सच्या विनोदी चित्रपटांत त्यानं लिफ्टवाला केला होता, त्याचीच ही म्हातारपणची आवृत्ती म्हणता येईल. दारं उघडणारी, गाड्या हाकणारी, थडगी खणणारी, ग्लास भरणारी माणसं. या कामांना नाटकाच्या कागदावर 'एक माणूस' एवढंच लिहिलेलं असतं. त्याला आतड्यानिशी माणूस करणं हे रिपरचं काम होतं, आणि त्यानं ते साठेक वर्षं केलं.

नामावली.
जुन्या ब्रिटिश चित्रपटात पात्रांची यादी एकाच पाटीवर यायची, सावकाश. वाचून होईपर्यंत ती हलत नसे. कित्येक छोट्या भूमिकांना त्या पाटीवरही जागा नव्हती, हा अन्याय होताच. आज सगळ्यांची नावं असतात, चहावाल्यापासून हिशेबनिसापर्यंत. पण ती सुरू होताच कोपऱ्यात आकसतात आणि पुढचा भाग आपोआप चालू होतो. त्यामुळे प्रेक्षकाची एक जुनी सवयही गेली. पडद्यावर चेहरा आला की शेजारच्याला कोपरानं ढोसून "अरे, हा तो!" म्हणायचं. नाव माहीत नसायचं. मागच्या चित्रपटात हा कुठं होता ते मात्र अचूक आठवायचं. ती ओळख नावाच्या ओळखीपेक्षा जवळची होती असं माझं मत आहे. ती तयार व्हायला तोच माणूस वीस वर्षं अधूनमधून दिसत राहावा लागतो. आताची भूमिका देण्याची रीत दर वेळी नवा चेहरा मागते.

डेरेक पाइकेटनं लिहिलेलं रिपरचं चरित्र 1999 साली निघालं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी तो गेला. ज्यांना त्याचं काम बघायचं असेल त्यांनी ड्रॅक्युलापासून सुरुवात करू नये, तिथं तो येतो आणि जातो. आधी 'द रेप्टाइल' बघावा, मग 'कॅप्टन क्लेग', आणि 'द ममीज श्राउड' शेवटी. तिन्ही चित्रपट दीड तासाच्या आसपासचे आहेत.